दोष दाखवणाऱ्याला पाट मांडा

2019 सालची भाऊबीज 29 ऑक्टोबरला आली होती. त्याच दिवशी कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाने एक पत्रक काढले. सायबर हल्ल्याची चर्चा खोटी आहे, अणुभट्ट्यांची नियंत्रण यंत्रणा बाहेरच्या कोणत्याही जाळ्याला जोडलेली नाही, त्यामुळे तिच्यावर असा हल्ला शक्यच नाही, असा त्याचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी मुंबईत मुख्यालय असलेल्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनचे पत्रक आले. मालवेअर सापडले हे खरे आहे. ते इंटरनेटला जोडलेल्या, कार्यालयीन कामाच्या एका संगणकात होते. आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने ते 4 सप्टेंबरलाच कळवले होते, असे त्यात म्हटले होते.

बारकाईने वाचले तर दोन्ही पत्रकांचा मेळ बसवता येतो. भट्टीची यंत्रणा वेगळी होती, बाधा कार्यालयातल्या संगणकाला झाली होती. पण लोकांनी विचारले एक आणि पहिले उत्तर मिळाले भलत्याच प्रश्नाचे. आधी कानांवर हात ठेवायचे आणि गळ्याशी आले की निम्मे कबूल करायचे, ही आपल्या कारभाराची जुनी रीत आहे. वीज, पाणी आणि पोलाद चालवणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत ती फार महागात पडेल. यंदाच्या अंकाचा विशेष विभाग आम्ही त्यासाठीच या विषयाला दिला आहे.

दिवाळी अंकात असला रुक्ष विषय कशाला, असे विचारणारे वाचक भेटणारच. त्यांना आम्ही एवढेच म्हणू, की आपण राहतो कुठे ते पाहा. 1 नोव्हेंबर 2025 रोजी छत्तीसगड राज्याला 25 वर्षे पूर्ण झाली. कोरब्याला इथे ‘ऊर्जाधानी’ म्हणतात. कोरबा, सिपत आणि लारा इथल्या औष्णिक केंद्रांची वीज रायपूरच्या आसपासच्या उपकेंद्रांतून देशभर जाते. 765 केव्हीची एक वाहिनी इथून थेट वर्ध्याकडे निघते. राज्याच्या विजेचा हिशेब रायपूरच्या डंगनिया भागातल्या भारप्रेषण केंद्रात क्षणोक्षणी चालतो आणि त्या केंद्राच्या वरचे, पश्चिम विभागाचे केंद्र आहे मुंबईत. रायपुरातली बहीण आणि ठाण्यातला भाऊ एकाच विभागीय जाळ्याची वीज वापरतात.

हे जाळे किती नाजूक तोलावर उभे असते, हे 5 एप्रिल 2020 च्या रात्री दिसले. टाळेबंदीच्या काळात पंतप्रधानांच्या आवाहनावरून नऊ वाजता नऊ मिनिटांसाठी देशाने दिवे मालवले, पणत्या लावल्या, आणि मागणी सुमारे 31 हजार मेगावॅटने खाली आली. वारंवारता 50 हर्ट्झच्या आसपास राखण्यासाठी जलविद्युत केंद्रे आधीपासून तयार ठेवली होती. हे जमले, कारण दोन दिवस आधी सूचना होती. पण सूचना नसती तर? प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 साली नेमका हाच प्रश्न गणिताने मांडला. घरोघरचे एसी, हीटर आणि गीझर इंटरनेटला जोडलेले असतील आणि त्यांतले पुरेसे कुणा एकाच्या ताब्यात गेले, तर वीजकेंद्राला हातही न लावता जाळे हलवता येईल, असे त्यांनी दाखवले. आता आपल्याकडे घरोघरी स्मार्ट मीटर येत आहेत. देशभरात 25 कोटी मीटर बसवायची योजना आहे. या मीटरमध्ये दुरून वीज तोडण्याची सोय असते. ती असण्यावर आक्षेप नाही. ती कुलूपबंद आहे की नाही, हे पुरवठादाराखेरीज आणखी कुणी तपासले का, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

हे तपासणे म्हणजे नक्की काय, ते एका उदाहरणाने सांगतो. कारखान्यातले पंप, झडपा आणि मोटारी चालवणाऱ्या छोट्या संगणकाला पीएलसी म्हणतात. त्याच्याशी बोलण्याची ‘मॉडबस’ नावाची एक भाषा 1979 साली आली आणि ती आजही जगभर चालते. तिच्यातला पंप सुरू करण्याचा हुकूम आठ बाइटचा असतो. पहिली बाइट सांगते कोणत्या यंत्राशी बोलायचे आहे, दुसरी सांगते काम कोणते. पुढच्या दोन सांगतात कोणता स्विच, त्यापुढच्या दोन चालू की बंद. शेवटच्या दोन बाइट वाटेत काही बिघडले नाही ना, हे पडताळण्यासाठी. हुकूम एवढ्यातच संपतो. बोलणारा कोण, त्याला हा हुकूम देण्याचा अधिकार आहे का, याला त्यात जागाच नाही. तार हातात आली की कुणीही बोलावे आणि यंत्राने ऐकावे. वाड्यातल्या आतल्या खोल्यांच्या दारांना कड्या नसत, तसेच हे. कारखान्याच्या चार भिंतींत, माहितीतल्या माणसांपुरती ही भाषा केली होती. पुढे कारखाने कार्यालयांना जोडले गेले, कार्यालये इंटरनेटला. दारे मात्र तशीच राहिली.

मग दुरुस्ती का करत नाहीत? फोन रात्रीत अपडेट होतो, भट्टी होत नाही. ती अहोरात्र चालते, बंद करायची तर वार्षिक शटडाउनची वाट पाहावी लागते, आणि एकदा बसवलेले नियंत्रक वीस-वीस वर्षे काढत नाहीत. काही जुने पीएलसी इतके हळवे असतात, की कार्यालयीन जाळ्यावर रोज होणारी साधी तपासणी त्यांच्यावर चालवली तरी ते बंद पडतात. म्हणून या क्षेत्रात संशोधन करणारा माणूस चालू कारखान्याला हात लावत नाही. तो तसाच नियंत्रक प्रयोगशाळेच्या मेजावर मांडतो आणि तिथे त्याची परीक्षा घेतो. आयआयटी कानपूरला याच कामासाठी केंद्र आहे. कोळसा, वीज आणि पोलाद यांच्या मधोमध बसलेल्या रायपुरात एनआयटी आहे, ट्रिपल आयटी आहे. असे एक मेज इथेही भक्कमपणे उभे राहायला हवे.

यंत्राइतकीच प्रक्रियाही कळावी लागते. भिलाईकरांना 12 जून 2014 आठवत असेल. पोलाद कारखान्याच्या एका पंपहाउसमध्ये बिघाड झाला, पाण्याचा दाब घसरला आणि गॅस साफ करणाऱ्या विभागातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर आला. सहा जण गेले, त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. त्यात कुणाचा सायबर हात नव्हता. पण पडद्यावर दिसणाऱ्या पाण्याच्या दाबाच्या आकड्यामागे किती जीव असतात, हे त्या संध्याकाळी कळले. तो आकडा बिघाडाने बदलला काय किंवा कुणी मुद्दाम बदलला काय, वायूला फरक पडत नाही. आपली यंत्रणा कुठे जोडलेलीच नाही, या समाधानातही अर्थ नाही. इराणच्या नतांझमधली सेंट्रिफ्यूज यंत्रे बिघडवणारा स्टक्सनेट नावाचा संगणकीय किडा 2010 साली उघडकीस आला. तो पेनड्राइव्हवरूनही पसरत होता, आणि त्याची बाधा झालेल्या देशांत इराण व इंडोनेशियाच्या पाठोपाठ भारत होता.

आता घराजवळचे प्रकरण. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढच्या मार्चच्या पहिल्याच दिवशी महाराष्ट्राचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी घातपाताची शक्यता मांडली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंग यांनी मानवी चूक म्हटले. त्याच सुमारास रेकॉर्डेड फ्युचर या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला होता. पाचपैकी चार विभागीय भारप्रेषण केंद्रे चीनशी संबंधित गटाच्या निशाण्यावर होती, असे त्यात होते. त्यांत आपले मुंबईचे केंद्रही होते. मुंबईच्या अंधाराशी याचा संबंध सिद्ध होत नाही, हेही त्याच अहवालात स्पष्ट लिहिले होते. हे वाक्य मात्र फार थोड्यांनी वाचले. वाद राजकीय झाला आणि तांत्रिक प्रश्न बाजूला पडला.

आपल्याला हे नीट करता येत नाही असेही नाही. जुलै 2012 च्या अखेरीस उत्तर, पूर्व आणि ईशान्येची जाळी कोसळली, साठ कोटींहून अधिक लोक अंधारात गेले. पश्चिम विभाग वेगळा पडल्याने आपण वाचलो. तेव्हा चौकशी समितीने बिना-ग्वाल्हेर वाहिनी कशी ट्रिप झाली इथपासून क्रमवार अहवाल दिला, सायबर हल्ल्याची शक्यताही तपासली आणि ती नाकारली. तो अहवाल सर्वांसाठी खुला झाला. बिघाड असा उघड मांडला की त्यातून पुढची पिढी शिकते.

उरतो प्रश्न त्या माणसाचा, ज्याला दोष आधी दिसतो. सर्ट-इन आणि महत्त्वाच्या पायाभूत यंत्रणांचे रक्षण पाहणारी एनसीआयआयपीसी या दोन्ही सरकारी संस्थांकडे दोष कळवण्याची सोय आहे, हे चांगलेच आहे. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 खाली सचोटी सिद्ध करायची पाळी शेवटी संशोधकावर येऊ शकते, आणि कलम 70 खाली ‘संरक्षित’ ठरलेल्या यंत्रणेत शिरण्याच्या नुसत्या प्रयत्नालाही दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शत्रूसाठी हे कलम हवेच. मात्र प्रामाणिकपणे दोष शोधून कळवणाऱ्याला अभय देणारे स्पष्ट कलम कायद्यात नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याने 2022 मध्ये अशा संशोधकांवर खटले न भरण्याचे धोरण जाहीर केले, बेल्जियमने 2023 मध्ये कायद्यानेच संरक्षण दिले. आपणही ते द्यावे. प्रत्येक वीज आणि पाणी कंपनीने दोष कळवण्याचा पत्ता ठळकपणे छापावा, आलेल्या पत्राला तारखेसह पोच द्यावी आणि दुरुस्ती झाल्यावर काय बिघडले होते ते सांगावे.

आणखी एक मागणी जुन्या माणसांच्या वतीने. डिसेंबर 2015 मध्ये युक्रेनच्या तीन वीज कंपन्यांवर हल्ला झाला, सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. काही तासांत ती परत आली, कारण कर्मचारी उपकेंद्रांत पोचले आणि त्यांनी ब्रेकर हाताने बसवले. हाताने यंत्र चालवण्याची ही विद्या निवृत्तांबरोबर जाऊ देऊ नये. तिचा सराव वर्षातून एकदा तरी व्हावा.

दोष दाखवणे या प्रांताला नवे नाही. माधवराव सप्रे हे मराठी घरातले. त्यांनी 1900 च्या जानेवारीत पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि त्यात पुस्तकांची परखड परीक्षणे छापली. हिंदी वाङ्मयावर प्रेम होते म्हणूनच त्यातले दोष ते दाखवत. त्यांच्या प्रांतात मराठी अंक काढताना तोच बाणा आम्ही यंत्रांच्या बाबतीत मागतो आहोत, एवढेच.

विशेष विभागात निवृत्त अभियंत्यांचे अनुभव आहेत, नव्या पिढीतल्या संशोधकांचे लेख आहेत आणि कायद्याची बाजू मांडणारे टिपणही आहे. बाकी कथा, कविता, प्रवासवर्णन, व्यंगचित्रे आणि वार्षिक राशिभविष्य नेहमीप्रमाणे. अंक वाचा, आवडले ते कळवा आणि खटकले ते आधी कळवा. नावानिशी आलेली प्रत्येक तक्रार पुढच्या अंकात उत्तरासह छापू.



— संपादक