दाखले दोन, पण विद्यार्थी एकच!

बारावीचा निकाल लागला की आमच्या वस्त्यांत पेढे वाटले जातात, विहारात सत्कार होतात आणि मग जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला यांसाठी हेलपाटे सुरू होतात. यात आमचे कार्यकर्ते तरबेज आहेत. परंतु मागील वर्षी एका बौद्ध मजुराच्या मुलीला घेऊन आम्ही एका अनुदानित महाविद्यालयात गेलो, तेव्हा आमचीच परीक्षा झाली. मुलगी सेरेब्रल पाल्सीमुळे कुबड्या घेऊन चालते, हाताने सावकाश लिहिते. खिडकीतला लिपिक म्हणाला, "एकच सवलत मिळेल. एस.सी. तरी लिहा, नाहीतर अपंग तरी लिहा."

बापाने आमच्याकडे पाहिले. तो एकटा असता तर त्याने मुकाट्याने एक दाखला परत खिशात घातला असता.

कायदा काय सांगतो? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 32 नुसार सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 40 टक्के अपंगत्व असणाऱ्यांसाठी किमान 5 टक्के जागा आणि वयात 5 वर्षांची सूट आहे. हे आरक्षण समांतर आहे. ते जातीच्या आरक्षणाला छेदून जाते, त्याच्या जागी येत नाही. समांतर आरक्षणाचे हे तत्त्व मंडल खटल्यात 1992 सालीच स्पष्ट झाले. 2020 साली आर्यन राज खटल्यात तर सर्वोच्च न्यायालयाने अपंग हेही सामाजिकदृष्ट्या मागास आहेत, म्हणून गुणांची जी सूट अनुसूचित जाती-जमातींना तीच त्यांना, असे म्हटले. आता जो जातीनेही दलित आणि शरीरानेही अडलेला, त्याच्या हातून एक दाखला काढून घेणारी ही खिडकी कोणत्या कायद्याने चालते?

(जाता जाता, 'दिव्यांग' हा शब्द 2015 साली पंतप्रधानांनी पुढे आणला. 'हरिजन' म्हणवून घ्यायला ज्यांनी नकार दिला, त्या समाजाला अशा गोड नावांचा अर्थ वेगळा सांगायला नको.)

प्रवेश मिळाला. पण वर्ग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आम्ही विजयी मुद्रेने घरी आलो होतो आणि पोरगी पहिल्याच आठवड्यात जिन्याखाली बसून होती. जागा मिळवणे म्हणजे शिक्षण मिळणे, हा आमच्या चळवळीचा जुना समज तिथे उघडा पडला. वर्ग तळमजल्यावर आणणे, लेखनिक देणे, तीन तासांच्या पेपरला एक तास जादा देणे, ही कोणाची मेहेरबानी नव्हे. वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव, असे या कायद्याच्या व्याख्येतच लिहिले आहे. 2021 साली विकास कुमार खटल्यात तर लेखनिकासाठी 40 टक्क्यांची अटसुद्धा लावता येणार नाही, असा निकाल झाला. म्हणून पालकांनो, प्रवेशाच्या दिवशीच काय काय सोय हवी ते प्राचार्यांना लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी विनंतीला कोर्टात किंमत नाही. उत्तर आले नाही, तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे त्याच पोचेची प्रत जोडून तक्रार करा. त्या मुलीचा वर्ग खाली आला तो अशाच अर्जाने, दीड महिन्यानंतर. तेवढा अभ्यास बुडाला तो बुडालाच.

शेवटच्या वर्षांत बाबासाहेबांची दृष्टी मंदावली होती, पाय साथ देत नव्हते, काठी आणि माणसाचा आधार घेऊन ते चालत. त्यांच्या ग्रंथाची पाने नानकचंद रत्तू टंकलिखित करीत. त्या आधाराला कोणी सवलत म्हटले नाही.

आणि आता आमचेच घर. आमच्या विहाराची अभ्यासिका पहिल्या मजल्यावर आहे. अठरा पायऱ्या. समितीवर अकरा वर्षे असून त्या आम्ही कधी मोजल्या नव्हत्या. तिने मोजल्या. गेल्या बैठकीत ठराव मांडला, तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "एका मुलीसाठी एवढा खर्च?" बराच वाद झाला. शेवटी दोन टेबले आणि एक दिवा खाली आला. शौचालय मात्र अजून वरच आहे.