कोतवाल बुक फक्त दाखल्यापुरतं आहे का?

"जातीच्या दाखल्यासाठी हवंय का?"

तहसीलच्या अभिलेख कक्षात मला हा प्रश्न तीन वेळा विचारला गेला. नाही हो, म्हटलं, माझी पणजी कधी गेली ते बघायचंय. "मग कशाला उगाच?" असं म्हणून साहेब पुन्हा मोबाइलमध्ये.

घरात एवढंच माहीत की ती मानमोडीत गेली. मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ. आजोबा तेव्हा अंगावर पिणारे. तिचं नाव आज घरात एकालाही सांगता येत नाही. ते कुठे लिहिलेलं असलंच तर गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो त्यात. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, कशानं मेलं, हे कोतवालानं सांगायचं आणि वहीत चढायचं. त्यातही बाईची नोंद कित्येकदा 'अमक्याची बायको' एवढीच, आणि जन्माच्या नोंदीत बाळाचं नावच नाही, नुसतं मुलगा की मुलगी. तरी तेवढाच पुरावा आहे आपल्याकडे.

आता गंमत बघा. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि याच वह्या रातोरात महत्त्वाच्या झाल्या. कपाटं उघडली, मोडी वाचणारे शोधून आणले. माझा त्याला विरोध नाही, ज्याचा हक्क त्याला मिळालाच पाहिजे. पण शोध एका शब्दाचा होता. त्याच पानावर पटकीनं, प्लेगानं, बाळंतपणात गेलेली माणसं आहेत, ती कुणाची नाहीत का? वही एकदा हातात घेतलीच होती, तर सगळी स्कॅन करायला काय हरकत होती?

1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम 17 सांगतं की नियमांच्या अधीन राहून कोणीही नोंदवहीत शोध घ्यायला लावू शकतो, प्रमाणपत्र मागू शकतो. मृत्यूचं कारण तेवढं प्रमाणपत्रात द्यायचं नाही. मग त्याच्या आधीच्या, शंभर वर्षं जुन्या वहीसाठी 'प्रयोजन काय' हा रकाना कशाला? कुणी म्हणेल, वहीत जात लिहिलेली असते, गैरवापर होईल. होऊ शकतो ना! मग जातीचा रकाना झाका आणि बाकी पान दाखवा. गैरवापराची एवढी काळजी असलेल्यांनी त्या वह्या जमिनीवर, गळक्या भिंतीला टेकवून ठेवल्या नसत्या. मी खिडकीतून पाहिलंय, पानांच्या कडांचा भुगा झालाय. अजून चार पावसाळे, मग प्रयोजन विचारायलाही काही उरणार नाही.

मोडी वाचणारे मिळत नाहीत ही सबबही सांगू नका. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. आपल्या तालुक्यातसुद्धा ते शिकलेली पोरं आहेत, त्यांना मानधन देऊन कामाला लावा.

सोमवारी अकरा वाजता तहसीलदारांना निवेदन देतोय. मागणी एकच: तालुक्यातल्या सगळ्या गावांचे नमुना 14 पूर्ण स्कॅन करा आणि गाववार, वर्षवार बघायला ठेवा. ज्यांच्या घरी अशा नोंदींच्या जुन्या नकला असतील त्यांनी झेरॉक्स घेऊन या. मोडी येणाऱ्यांनी तर नक्की या.