लाल ठिपका नसलेले विमान

दुसऱ्या महायुद्धात बर्मा आघाडीवर लढलेल्या भारतीय हवाई दलाच्या विमानांची छोटी मॉडेल्स पाहिली, की बऱ्याचदा एक चूक दिसते. पंखावर ब्रिटिश पद्धतीचे वर्तुळ असते: बाहेर निळे, आत पांढरे आणि मधोमध लाल. दिसायला छान, पण 1943 च्या मध्यानंतर त्या आघाडीवर हा लाल रंग काढून टाकला होता. जपानी विमानांवर लाल सूर्य असे. घाईत लाल दिसले की आपलाच तोफची आपल्याच विमानावर गोळी झाडायचा. म्हणून फक्त निळ्या छटा उरल्या.

"खेळणंच ते, एवढा कीस कशाला?" असे लोक म्हणतात. मला ते पटत नाही. उर्दू शिकवताना मी मुलांना सांगतो, नुक्ता वरून खाली आला की 'खुदा'चा 'जुदा' होतो. इथेही एका ठिपक्याने मित्राचा शत्रू होत होता.

स्वातंत्र्यानंतर या वर्तुळाची जागा अशोकचक्राने घेतली. केशरी, पांढरे, हिरवे वर्तुळ आले ते 1950 मध्ये. तरीही काश्मीरच्या 1947-48 च्या लढाईतल्या डाकोटावर लोक बेधडक तिरंगी वर्तुळ चिकटवतात. भावना चांगली असेल, पण आजचा रंग कालच्या विमानाला लावणे म्हणजे इतिहास नव्हे.

हे मला महत्त्वाचे वाटते, कारण माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो. हैदराबादचे इद्रिस हसन लतीफ 1942 मध्ये हवाई दलात आले, बर्मा आघाडीवर लढले. फाळणीच्या वेळी पाकिस्तानात जाण्याचा पर्याय असताना ते इथेच राहिले, 1978 मध्ये हवाई दलप्रमुख झाले आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपालही. काहींना त्यांचे नाव आठवतच नाही. आणि आमच्यातल्या काहींना ते फक्त निष्ठेचा पुरावा म्हणून, भाषणापुरते आठवतात. दोघेही आपल्या सोयीचा रंग लावतात. त्यांच्या काळच्या विमानांवर धर्माची खूण नव्हती; होता तो अनुक्रमांक, स्क्वाड्रनची अक्षरे आणि ते निळे वर्तुळ. मॉडेलवरही तेवढेच असावे.

अचूकपणा म्हणजे तपशिलांची गर्दीही नव्हे. 1:72 प्रमाणात 29 मीटर पंखांचा डाकोटा 40 सेंटिमीटरचा होतो आणि पाच मिलिमीटरचा रिव्हेट एक दशांश मिलिमीटरहूनही लहान. तो डोळ्यांना दिसणारच नाही, मग अंगभर पुटकुळ्या कशाला उठवायच्या?

म्हणून शाळेत मुलांकडून असे मॉडेल करून घेताना आधी वर्ष ठरवा, त्या वर्षाचे छायाचित्र शोधा आणि मगच रंगाची डबी उघडा. एखाद्या खुणेचा पुरावा मिळाला नाही, तर ती जागा कोरी सोडा. कोऱ्या जागेबद्दल मूल प्रश्न विचारील. चुकीचा रंग मात्र ते खरा मानून मोठे होईल.