लॅपटॉप ‘फुल्ल’ झालाय? डिलीट करण्याआधी थोडं थांबा

“अरे, सी ड्राइव्ह लाल झालाय. आता काय करू?” गावाकडून मामांचा फोन. घरात एक इंजिनिअर असला की असे फोन येतातच. मी मेकॅनिकलचा, हे कोणी लक्षात घेत नाही.

मामा आधी तालुक्याच्या दुकानात जाऊन आले होते. तिथे त्यांना दोनच पर्याय मिळाले : फॉरमॅट मारून देतो, नाहीतर नवीन घ्या. लॅपटॉप जेमतेम चार वर्षांचा, त्यात बिघाड काहीच नाही. मी म्हटलं, पैसे कशाला घालवता? सेटिंग्जमध्ये जा, सिस्टिम, मग स्टोरेज, मग ‘टेम्पररी फाइल्स’. सगळ्यावर टिक करा आणि रिमूव्ह दाबा. लाल पट्टी निळी झाली. मामा खूश, मी त्याहून खूश.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. “सातबारे दिसेनात रे. मामीचे रिपोर्टही नाहीत.”

चूक माझी होती. विंडोजच्या त्या ‘टेम्पररी फाइल्स’च्या यादीत ‘डाउनलोड्स’ हा फोल्डरही असतो. त्यावर आधीपासून टिक नसते, पण मीच ‘सगळ्यावर टिक करा’ म्हणालो होतो. आपल्याकडे डाउनलोड्स म्हणजे घरातली ट्रंक असते. उतारे, विम्याच्या पावत्या, दवाखान्याचे रिपोर्ट, मुलांची हॉल तिकिटं, जे काही उतरवलं ते सगळं तिथेच पडून राहतं. सातबारे पुन्हा काढता आले. मामींचे तीन वर्षांपूर्वीचे रिपोर्ट मिळाले नाहीत.

गेलेलं परत का येत नाही?

जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये फाइल डिलीट केली तरी मजकूर जागेवरच राहायचा. त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत रिकव्हरी सॉफ्टवेअरने तो परत काढता यायचा. आता बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. फाइल कायमची डिलीट होताच विंडोज एसएसडीला ‘ट्रिम’ नावाचा निरोप देते : हा भाग आता मोकळा आहे. मग सवडीने एसएसडी तो भाग आतून खरोखरच पुसून टाकते. एकदा ते झालं की दुकानदारही काही करू शकत नाही.

म्हणून माझं आता ठाम मत झालंय की जागा मोकळी करताना डिलीट हे शेवटचं काम. आधी बघायचं, मग हलवायचं, आणि मग पुसायचं. आपण नेमकं उलटं करतो, कारण लाल पट्टी दिसली की घाबरायला होतं.

जागा खातंय कोण?

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. २५६ जीबीचा लॅपटॉप घेतला आणि आत २३८ च दिसले, तर कोणी चोरी केलेली नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०७ कोटी ३७ लाखांच्या आसपास. फरक मोजण्यातला आहे. पण या २३८ मधूनच विंडोज, तिचे अपडेट्स आणि ऑफिससारखी सॉफ्टवेअर जागा घेणार, हे दुकानात कोणी सांगत नाही.

वर सांगितलेल्या ‘स्टोरेज’च्या पानावर कुठला प्रकार किती जागा घेतोय ते दिसतं. त्याहून स्पष्ट चित्र हवं असेल तर ‘विनडरस्टॅट’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. प्रत्येक फाइल तिच्या आकाराच्या चौकटीत दाखवतं. पहिल्यांदा बघाल तेव्हा दोन-चार मोठ्या चौकटीच अर्धा ड्राइव्ह खाताना दिसण्याची शक्यता आहे.

बहुतेकदा ते मोबाइलमधून काढून ठेवलेले व्हिडिओ असतात. आयफोनवर फोर-के, ३० फ्रेम्सचा व्हिडिओ मिनिटाला साधारण १७० एमबी घेतो. म्हणजे तासाभराच्या बारशाच्या चित्रीकरणाला दहा जीबी. पीडीएफ आणि वर्ड फाइल्स शेकड्याने पुसल्या तरी एवढी जागा निघणार नाही, त्यामुळे कागदपत्रांच्या मागे लागण्यात अर्थच नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत नियमित अपडेट्स थांबले आणि त्या सुमारास अनेकांनी त्याच लॅपटॉपवर विंडोज ११ टाकली. असं केलं की जुनी विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये राहते आणि भरपूर जागा अडवते. परत मागे जाता यावं म्हणून ती दहा दिवस ठेवलेली असते, नंतर ती एरवी आपोआप जाते. नाहीच गेली तर टेम्पररी फाइल्समधून ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ एवढीच टिक करून काढा. नुसती तेवढीच!

हायबरनेशनची फाइलही मोठी असते, साधारणपणे रॅमच्या ४० टक्के. इंटरनेटवर ती बंद करायचे सल्ले भरपूर मिळतात. बॅटरी अगदी तळाला गेली की तुमचं उघडं काम वाचवते ती हीच, त्यामुळे भारनियमनाच्या गावात मी तिला हात लावणार नाही. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये शिरून हाताने काही पुसणं तर कधीच नको.

क्लाउडचा गोंधळ

नवीन लॅपटॉप सुरू करताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर बरेचदा वनड्राइव्हला जोडले जातात. अनेकांच्या ते लक्षातही येत नाही. मग समज होतो, फोटो क्लाउडवर आहेत ना, लॅपटॉपवरचे पुसले तरी चालतील. नाही चालणार. इथे पुसलं की क्लाउडवरूनही पुसलं जातं, फोनवरूनही. वैयक्तिक खात्यात ३० दिवस ते वनड्राइव्हच्या ऑनलाइन रिसायकल बिनमध्ये सापडतं, पुढे नाही.

फक्त लॅपटॉपवरची जागा सोडवायची असेल तर फोल्डरवर राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ निवडा. फाइल क्लाउडवर राहते, इथे तिचं नाव उरतं. मात्र ती उघडायला इंटरनेट लागेल. आणि फुकटची जागा वनड्राइव्हवर ५ जीबी, गुगलवर जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी. ती संपली की ‘प्लॅन घ्या’ चे संदेश सुरू. लॅपटॉपमध्ये जागा कमी द्यायची आणि नंतर दरमहा भाड्याने विकायची, हा धंदा मला तरी पटत नाही.

क्लीनर नको, स्वस्त पेनड्राइव्ह तर नकोच

‘एका क्लिकमध्ये लॅपटॉप साफ’ म्हणणाऱ्या ॲप्सची गरज नाही. विंडोजमध्ये ‘स्टोरेज सेन्स’ आहे, तेवढं पुरतं. २०१७ मध्ये सीक्लीनर या नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या ५.३३ आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती कंपनीच्या अधिकृत सर्व्हरवरून सुमारे २२ लाख ७० हजार जणांपर्यंत पोहोचली होती. नावाजलेल्याची ही गत, तर अनोळखी ॲपचं काय सांगावं.

आणि काही शे रुपयांत मिळणारा दोन टीबीचा पेनड्राइव्ह? लॅपटॉपला तो दोन टीबी दिसतो, आतली चिप मात्र ३२ किंवा ६४ जीबीची निघते. कॉपी पूर्ण झाल्यासारखी वाटते, मूळ फाइल्स आपण पुसतो आणि लग्नाचा अल्बम उघडायला गेल्यावर कळतं की आत काहीच नाही. फाइल्स हलवल्यावर ड्राइव्ह काढून पुन्हा लावा आणि सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या चार-चार फाइल्स उघडून बघा. मूळ प्रत त्यानंतर पुसा.

मामांच्या लॅपटॉपमध्ये दुसऱ्या एसएसडीसाठी मोकळा स्लॉट निघाला. बऱ्याच मॉडेल्समध्ये असतो, नवीन घ्यायला निघण्याआधी मॉडेल नंबर टाकून बघायला हरकत नाही. व्हिडिओ तिकडे हलवले. कागदपत्रांची एक प्रत एक्स्टर्नल डिस्कवर आहे आणि ती डिस्क मामींच्या कपाटात. डाउनलोड्स आता दर महिन्याला मामा स्वतः आवरतात. मला विचारत नाहीत.