कायद्याचे अज्ञान कोणाला परवडते?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अमलात आणून २९ कामगार कायदे मोडीत काढले. बदलत्या कायद्यांबरोबर चालणे अवघड आहे, ही मालकवर्गाची तक्रार जुनीच आहे. जबलपूरच्या छावणीतील सदर बाजारात एकदोन नोकरांवर दुकान चालविणाऱ्या लहान व्यापाऱ्याच्या बाबतीत ती अगदीच खोटी नाही. त्याच्यापाशी ना वकील, ना कायदा-अधिकारी. परंतु कामगारकपातीस सरकारी परवानगीची केंद्रीय कायद्यातील मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेली, हे समजण्यास बड्या भांडवलदारांना कसलीच अडचण येत नाही!

अडचण येते ती वेतनाच्या कलमांत. वेतनसंहिता एका नोकराच्या दुकानालाही लागू आहे. मासिक पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, काम सुटल्यास दोन कामकाजी दिवसांत हिशेब, जादा कामास दुप्पट दर, दाव्यास तीन वर्षांची मुदत आणि पैसे दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर. यात दुर्बोध ते काय?

शिवाय चुकणाऱ्या मालकाला खटल्यापूर्वी दुरुस्तीची संधी संहितेनेच दिली आहे. निरीक्षकही आता ‘सुविधाकर्ता’ झाला आहे. पगार थकलेल्या नोकराला मात्र घरभाड्यासाठी अशी सवलत कोणी देत नाही.

म्हणून सभासदांनी या संहितांविरुद्धचा लढा चालू ठेवूनच त्यांतील कामगारांच्या उपयोगाची कलमे दुकानादुकानांतून नोकरांना समजावून सांगितली पाहिजेत. कामगाराने कायदा वाचला, की मालकालाही तो वाचावाच लागतो.