ब्लॉक केलं, पुढे काय?

नंबर ब्लॉक केला, इन्स्टा ब्लॉक केलं. मग एक दिवस तिच्या यूपीआयवर एक रुपया जमा झाला. खाली मेसेज, ‘बोल ना.’ दुसऱ्या दिवशी परत एक रुपया, परत मेसेज.

माझ्या हॉस्टेलमधल्या मैत्रिणीची ही गोष्ट. ब्रेकअपला चार महिने झाले होते, तरी तो मेसच्या बाहेर येऊन उभा राहायचा. बोलायचा नाही, नुसता बघायचा. ती पोलीस स्टेशनला गेली, तर पहिला प्रश्न आला, ‘त्याने काही केलंय का?’ तिला त्याला जेलमध्ये पाठवायचं नव्हतंच. त्याने लांब राहावं, एवढंच हवं होतं.

परदेशी सिरीजमध्ये अशा वेळी मुलगी कोर्टातून ‘रिस्ट्रेनिंग ऑर्डर’ आणते. आपल्याकडे ती मिळते का? मिळू शकते, पण वाट लांबची आहे. आणि हा प्रश्न किती गंभीर आहे ते पुण्याने पाहिलंय. जून 2023 मध्ये सदाशिव पेठेत भर दिवसा एका कॉलेजच्या मुलीवर एकेकाळच्या मित्रानेच कोयता उगारला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं मध्ये पडली म्हणून ती वाचली. पुढच्याच वर्षी, जून 2024 मध्ये, वसईत एका तरुणीला तिच्या एक्सने भररस्त्यात पान्याने मारलं. तिथे कुणी तिला वाचवू शकलं नाही.

शिक्षा आहे, अंतर नाही

डिसेंबर 2012 च्या दिल्लीतल्या घटनेनंतर न्या. वर्मा समिती नेमली गेली आणि 2013 मध्ये पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला. तेव्हाचं कलम 354-ड म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम 78. मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा मागे जाणं, संपर्क करत राहणं, तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं, हे सगळं यात येतं. पहिल्या गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत आणि दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

मात्र पहिला गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे अटक झाली तरी जामीन हा त्याचा हक्क. तो बाहेर येतो तेव्हा चिडलेला असतो, आणि तिच्यापासून किती लांब राहायचं हे सांगणारा कुठलाही कागद त्याच्या हातात नसतो. पोलिसांकडे ‘चॅप्टर केस’चा मार्ग आहे. त्यात कार्यकारी दंडाधिकारी शांतता राखण्याचा बाँड लिहून घेऊ शकतात. पण तोही शांततेचा बाँड. तो मुलीला संरक्षण देणारा आदेश नव्हे.

बायकोला दार, गर्लफ्रेंडला नाही

असा आदेश कायद्यात आहे, फक्त सगळ्यांसाठी नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात ‘संरक्षण आदेश’ मिळतो. त्यात ऑफिसला, घराकडे यायचं नाही, फोन करायचा नाही, असं कोर्ट बजावू शकतं. तो मोडला तर तो थेट अजामीनपात्र गुन्हा ठरतो. पण त्यासाठी नातं घरातलं किंवा लग्नासारखं हवं. 2010 मध्ये वेलुसामी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, नुसते वीकेंड एकत्र घालवले म्हणजे लग्नासारखं नातं होत नाही. कॉलेजमधलं अफेअर तर यात बसतच नाही.

मग उरतं दिवाणी कोर्ट. तिथे दावा लावून मनाई हुकूम मागता येतो आणि निकाल लागेपर्यंत तात्पुरता हुकूमही मिळू शकतो. दिल्लीच्या रोहिणी कोर्टाने 2025 मध्ये असाच हुकूम दिला. मागे लागलेल्या एका महिलेने त्या माणसाच्या घरापासून 300 मीटर लांब राहावं, असं कोर्टाने बजावलं. हो, तिथे त्रास पुरुषाला होता. कलम 78 फक्त महिलांसाठी आहे, पण दिवाणी मनाई मुलांनाही मागता येते.

अडचण पुढे आहे. दाव्यात स्वतःचा पत्ता लिहावा लागतो. वकील, तारखा, फी हे आलंच. आणि हुकूम मोडला तर पुन्हा कोर्टातच अर्ज करावा लागतो. कोर्ट तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद देऊ शकतं, मालमत्ता जप्त करू शकतं, पण तो दारात उभा आहे त्या रात्री या तरतुदीचा उपयोग काय?

इंग्लंड आणि वेल्समध्ये 2019 च्या कायद्यानुसार असा आदेश पोलीसच कोर्टाकडे मागतात, तोही खटला संपायची वाट न बघता. मोडल्यास 5 वर्षांपर्यंत तुरुंगवास. त्रास होणारीने एकटीने धावपळ करायची नाही, हा त्यातला मुद्दा आपण घेण्यासारखा आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्यातला संरक्षण आदेश लग्नाबाहेरच्या नात्यांनाही मिळाला, तरी अर्धं काम होईल.

तोपर्यंत काय करायचं?

एकदाच, लेखी आणि स्पष्ट नकार द्या. ‘मला संपर्क नको’ एवढं पुरे. त्यानंतर उत्तर देऊ नका, पण काहीही डिलीटही करू नका. स्क्रीनशॉट, कॉल लॉग, तो दिसला त्या तारखा आणि वेळा एका वहीत लिहून ठेवा. एक रुपयाचे ते मेसेजसुद्धा पुरावाच आहेत. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हे फार कमी जणींना माहीत असतं. धोका वाटला तर 112 लावा.

आणि मित्रमंडळींनो, ‘एवढं प्रेम करतो तर एकदा भेट की’ असं तिला सांगू नका.

माझ्या मैत्रिणीने तक्रार अर्ज दिला, मग मेस बदलली, मग हॉस्टेलही बदललं. तो अजून त्याच कॉलेजला, त्याच कट्ट्यावर बसतो.