निळ्या बुचाची नळी

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी साडेसहाला आमच्या दाराची घंटा वाजते आणि आई स्वयंपाकघरातून ओरडते, "उघड रे, ढेकूण आला!" या स्वागताला तो प्रयोगशाळेचा मुलगा आता इतका सरावला आहे की, चपला काढता काढताच तो म्हणतो, "आलो आजी, फार नाही, थोडंच पिणार आहे."

आईच्या हृदयात गेली नऊ वर्षे कृत्रिम झडप आहे. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ राखणारी गोळी रोज घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. या दोहोंमधल्या अरुंद बांधावरून आई चालते आहे, आणि तोल गेला नाही ना, हे महिन्याच्या महिन्याला एक निळ्या बुचाची लहानशी नळी आम्हांला सांगते.

श्रावणातली गोष्ट. मुलाने नळी काढली, उजेडात धरली आणि बाजूला ठेवली. दुसरी काढून सुई टोचली, तर रक्त निम्म्याच्या जरा वर येऊन थबकले. त्याने तीही बाजूला ठेवली आणि दुसरा हात मागितला. आईचे तोंड कसनुसे झाले. माझ्यातला मास्तर जागा झाला.

"अहो, एवढं आलंय ना, त्यात भागवा की! आम्हीसुद्धा पस्तीसला पास करतो."

"सर, इथं रेघेपर्यंत भरलं नाही तर सगळा पेपर चुकतो."

"आणि ती पहिली का टाकलीत? कोरी करकरीत होती."

"तिची मुदत संपलीय."

"रिकाम्या नळीची मुदत? तिच्यात संपण्यासारखं आहे तरी काय?"

"पोकळी, सर."

वाचकहो, गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात नवकविता शिकवतो आहे. 'पोकळी' या शब्दावर मी अर्धा अर्धा तास बोललो आहे. पण पोकळीला मुदत असते, ती विरत जाते आणि तिची तारीख वेष्टनावर छापलेली असते, हे मला त्या सकाळी प्रथम कळले.

नळीतून हवा आधीच काढून घ्यायची, बूच घट्ट बसवायचे आणि सुईने ते भेदले की आतल्या पोकळीने हवे तेवढेच रक्त ओढून घ्यायचे, ही युक्ती जोसेफ क्लायनर या गृहस्थाची. १९४९ साली त्याला अमेरिकेत तिचे पेटंट मिळाले. आईच्या नळीत सायट्रेटचे थोडे पाणी असते. त्याच्या एका भागाला रक्ताचे नऊ भाग, असे हे माप. पोकळी कमी झालेली असली म्हणजे रक्त कमी येते आणि सायट्रेटचा अंश वाढतो. मग प्रयोगशाळेत रक्त गोठायला खऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. डॉक्टर म्हणणार, रक्त फारच पातळ झाले, गोळी कमी करा. गोळी कमी झाली की त्या झडपेवर काय बसेल, हे मी इथे लिहीत नाही. त्या मुलाला मी जे काही बोललो ते मात्र मला दिवसभर टोचत राहिले.

पूर्वी या नळ्या काचेच्या असत, आणि काचेतून हवा आत शिरत नाही. मग काच का सोडली? याचे उत्तर माझ्या आत्याच्या उजव्या तळहातावर आहे. ती एका इस्पितळात रक्त तपासायच्या कामावर होती. १९९४ साली, मी आठवीत असताना, रबरी बूच दाबून बसवताना तिच्या मुठीत नळी फुटली. वारंवार धुऊन वापरलेली नळी. तडा दिसला नसेल. रोग्याचे रक्त जखमेत गेले. एड्सचे नाव तेव्हा लोक कुजबुजून घेत. पुढले सहा महिने आत्याने आपले ताट, पेला, टॉवेल सगळे वेगळे ठेवले. त्याने काही होत नाही, हे तिच्याइतके घरात कुणालाच ठाऊक नव्हते, तरीही ठेवले. दिवाळीत ओवाळायला बसली तेव्हा तिने धाकट्याच्या कपाळी कुंकू माझ्या आईकडून लावून घेतले. शेवटी तपासणी निर्दोष आली. दूषित रक्ताची सुई टोचली तर एच. आय. व्ही.ची लागण हजारात सुमारे तिघांना होते. पण लस न घेतलेल्यांना हिपॅटायटिस-बी शंभरात सहा ते तीस जणांना गाठतो. आत्याला यातले काहीच झाले नाही. झाली ती सहा महिन्यांची शिक्षा.

१९९० नंतरच्या दशकात काचेची जागा प्लास्टिकने घेतली. हे प्लास्टिक म्हणजे कोण? आपले जुने टेरिलिन! व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा ब्रिटिश रसायनज्ञांनी १९४१ साली पेटंट घेतलेले ते द्रव्य. त्याच्या धाग्यात सूत मिसळून झालेला टेरिकॉटचा सदरा माझे वडील सणासुदीला घालत आणि घामाने हैराण होत. त्याचीच पाण्याची बाटली होते, त्याचीच रक्ताची नळी. पडली तर फुटत नाही. पण वडिलांच्या अंगावर न श्वसणारे हे द्रव्य नळीच्या रूपात मात्र हळूहळू श्वास घेते! बाटलीतला सोडा महिनोन्‌महिने ठेवला की मिळमिळीत होतो, तो त्यामुळेच. वायू बाहेर जातो तिथे, इथे आत येतो.

बरे, नुसती हवाच नव्हे, सायट्रेटचे पाणीही या भिंतीतून वाफ होऊन उडून जाते. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे आपल्या डब्यांचे प्लास्टिक, पाणी चांगले धरते, पण हवेला ते फारसे अडवत नाही. एकाला जे येते ते दुसऱ्याला येत नाही. तेव्हा कारागिरांनी एकात एक अशा दोन नळ्या बसवल्या : आतली पाणी राखणारी, बाहेरची हवा अडवणारी. दोन जावांनी घर सांभाळावे तसे. तरीही काचेची बरोबरी पुरती झालेली नाही, म्हणून वेष्टनावर ती तारीख. प्लास्टिकच्या आतून काचेच्या जातीच्या द्रव्याचा, केसाच्या जाडीहून शेकडो पटींनी पातळ थर चढवण्याचे प्रयोगही झाले आहेत. तुटणारी काच गेली, आणि लेप होऊन पुन्हा यायला निघाली!

काचेचा आणखी एक गुण जाता जाता कळला. तिला स्पर्श होताच रक्त गोठू लागते, प्लास्टिकमध्ये तसे चटकन गोठत नाही. क्लीव्हलंडमध्ये डॉ. रॅटनॉफ यांना रेल्वेत काम करणारा हेगमन नावाचा रोगी भेटला. त्याचे रक्त काचेत गोठता गोठेना, पण अंगावरची जखम मात्र नीट थांबे. १९५५ साली त्या उणिवेवर निबंध निघाला, आणि रक्तातल्या एका घटकाला त्या माणसाचे नाव मिळाले. आता ज्या नळ्यांत रक्त गोठवायचेच असते, त्या प्लास्टिकच्या नळ्यांत आतून वाळूच्या जातीची बारीक पूड लावतात.

मागच्या सोमवारी आत्या आमच्याकडे मुक्कामाला होती. मुलगा आला. तिने चष्मा लावून नळी हातात घेतली, तारीख वाचली, मुठीत धरून चांगली दाबून पाहिली आणि काही न बोलता परत दिली. रक्त बरोबर रेघेला येऊन थांबले. मुलाने नळी चार वेळा अलगद उलटीसुलटी केली.

त्याच्या पेटीत मुदत संपलेली एक नळी उरली होती. आई म्हणाली, "अरे, टाकतोस कशाला? बूच किती छान आहे. धुऊन केशर ठेवीन."

"आजी, नको हो!" म्हणत त्याने ती घाईघाईने पेटीत टाकली. आत्या खळखळून हसली.